‘स्तुत्य’ : न वाचण्याचे एक विशेषण

मराठी समीक्षेच्या परिभाषेविषयी जी चर्चा होते ती बहुधा नामांभोवती फिरते. आशय, आकृतिबंध, संहिता, जाणीव, वास्तव, देशीयता या संज्ञांची चिकित्सा झाली, होत आहे आणि पुढेही होईल. विशेषणांकडे मात्र कोणी फिरकत नाही. वास्तविक ज्याला मूल्यनिर्णय म्हणतात तो नामांच्या आश्रयाने क्वचितच घडतो. परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात एखादे विशेषण गुपचूप येऊन बसते आणि लेखकाच्या दहा वर्षांच्या श्रमांचा निकाल लावून जाते. अशा विशेषणांत ‘स्तुत्य’ हे सर्वांत निरुपद्रवी दिसणारे आणि म्हणूनच सर्वांत उपद्रवी विशेषण आहे.

शब्द संस्कृत, पण त्याचा आजचा व्यवहार संस्कृत नाही. पाणिनीने ‘अर्ह’ म्हणजे योग्य या अर्थी कृत्य प्रत्ययांची योजना सांगितली आणि ‘स्तु’ धातूला क्यप् प्रत्यय लावून ‘स्तुत्य’ हे रूप साधण्याची सोय करून दिली. ज्याची स्तुती करणे उचित आहे तो स्तुत्य. वैदिक सूक्तांच्या जगात हा दर्जा देवतेचा होता. देवता स्तुत्य म्हटली, की पुढे स्तुती करावीच लागे. ऋचा रचावी लागे, देवतेचे पराक्रम नावानिशी सांगावे लागत. योग्यतेचे विधान आणि प्रत्यक्ष स्तुती यांत अंतर नव्हते. आजच्या मराठीत हे अंतर इतके वाढले आहे की ‘स्तुत्य’ म्हटल्यावर स्तुती करण्याची गरजच उरत नाही. स्तुती करण्याजोगे आहे एवढे सांगून स्तुतीचे काम तहकूब करता येते.

हा पालट घडला तो ‘लॉडेबल’ या इंग्रजी विशेषणाच्या संगतीत. एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजी-मराठी कोशांनी आणि भाषांतरकारांनी लॉडेबल, प्रेजवर्दी, कमेंडेबल या शब्दांसमोर स्तुत्य, श्लाघ्य, प्रशंसनीय हे तयार शब्द ठेवले. शब्दाला शब्द मिळाला. मात्र त्या इंग्रजी शब्दाच्या सवयीही त्याबरोबर आल्या. इंग्रजीत लॉडेबल हे विशेषण आता प्रामुख्याने हेतू, उद्दिष्ट, प्रयत्न यांनाच लागते, आणि पाठोपाठ बहुधा ‘पण’ येतो. उद्दिष्ट लॉडेबल आहे, पण. तेथे हे विशेषण नकाराची प्रस्तावना झाले आहे. मराठीने त्याहून एक पाऊल पुढे टाकले. तिने ‘पण’ही गाळला. इंग्रजी परीक्षक निदान पुढच्या वाक्यात काय बिनसले ते सांगण्यास बांधलेला असतो. मराठी परीक्षक ‘स्तुत्य’पाशी पूर्णविराम देतो आणि घरी जातो.

या इंग्रजी विशेषणाच्या इतिहासात एक वैद्यकीय प्रकरण आहे. समीक्षकांनी ते मुळातून पाहावे असे आहे. लिस्टरने १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली, त्यापूर्वी कित्येक शतके युरोपातील शस्त्रवैद्य जखमेत धरलेल्या दाट, पांढुरक्या पुवाला ‘लॉडेबल’ म्हणत. स्तुत्य पू! पातळ, रक्ताळ, दुर्गंधी स्राव म्हणजे मरण जवळ आले; त्या मानाने दाट पू म्हणजे रोगी तगण्याचा संभव. तेव्हा हे विशेषण अगदीच वेडेपणाचे नव्हते, अनुभवाने आलेल्या तुलनेचा त्याला आधार होता. घात झाला तो पुढे. तुलनेतले बरे हे स्वतंत्रपणे चांगले मानले गेले आणि पू होणे हा बरे होण्याचा एक आवश्यक टप्पाच आहे अशी समजूत रूढ झाली. तेराव्या शतकात थिओडोरिक बोर्गोन्योनी या इटालियन शस्त्रवैद्याने जखम पुवाशिवाय भरू शकते, भरली पाहिजे, असे लिहून ठेवले होते. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. एका विशेषणाने एका व्याधीला लक्षणांच्या यादीतून उचलून गुणांच्या यादीत नेऊन बसवले आणि ते तेथे शतकानुशतके बसून राहिले. मराठी वाङ्मयव्यवहारात याच जातीचे काहीतरी चालले आहे.

एक साधी भाषिक कसोटी घ्यावी. ‘स्तुत्य उपक्रम’, ‘स्तुत्य प्रयत्न’, ‘स्तुत्य हेतू’, ‘स्तुत्य कार्य’ हे जोडशब्द वर्तमानपत्रापासून प्रबंधापर्यंत सर्वत्र सापडतील. ‘स्तुत्य कविता’ किंवा ‘स्तुत्य कादंबरी’ कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर ते कानाला खटकते. याचा अर्थ असा की या विशेषणाला कृती चालते, कलाकृती चालत नाही. रक्तदान शिबिर स्तुत्य असते, वृक्षारोपण स्तुत्य असते आणि अहिराणी कथासंग्रह काढणे हेही स्तुत्य असते. कथासंग्रहाला हे विशेषण लावताक्षणी समीक्षक त्याला वाङ्मयाच्या वर्गातून काढून शिबिरांच्या वर्गात टाकत असतो. त्याचे व्याकरणच ही गोष्ट कबूल करते. समीक्षकाने कबूल केले नाही तरी चालेल.

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी असा संग्रह निघतो तेव्हा त्याचे काय होते, हे खान्देशातील वाङ्मयीन वर्तुळांना नव्याने सांगायला नको. सह्याद्रीच्या उताराला लागून पसरलेला हा धुळे जिल्ह्याचा पश्चिम भाग. पांझरेच्या काठी पिंपळनेर, कान नदीकाठी साक्री, पुढे दहिवेलवरून कोंडाईबारीच्या घाटाकडे जाणारा सुरतेचा रस्ता. येथे घरात आणि बाजारात अहिराणी बोलली जाते, पश्चिमेच्या पाड्यांवर भिल्ल आणि कोकणा समाजांच्या बोली आहेत, आणि शाळा-महाविद्यालयात प्रमाण मराठी शिकवली जाते. एखादा शिक्षक, एखादा शेतकरी पदरमोड करून पुस्तक छापतो. बाहेरून बोलावलेले पाहुणे प्रकाशन करतात. प्रस्तावना आधीच मिळालेली असते. मग चार ठिकाणी परिचय छापून येतात आणि त्या सर्वांत हा उपक्रम स्तुत्य असल्याचे, बोलीचे जतन होत असल्याचे, मातीचा गंध दरवळत असल्याचे नमूद असते. कथा कोणत्या आहेत, त्यांतली कोणती जमली आणि कोणती कोसळली, निवेदन अहिराणीत आहे की संवादांपुरतीच अहिराणी वापरून निवेदकाला पुण्याचा पोशाख घातला आहे, याबद्दल अवाक्षर नसते. दुसऱ्या वर्षी त्या लेखकाचा दुसरा संग्रह निघतो. त्यात पहिल्यातले सगळे दोष शाबूत असतात, कारण ते दोष आहेत हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

त्याच साक्रीच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी उभा असलेला व्यापारी ‘चांगला शे’ म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांना भाव चिकटलेला असतो. म्हटले की बोली वाढवावी लागते. कांदा हातात घेऊन, दाबून, साल पाहून मगच तो तोंड उघडतो. आर. एम. हेअर या तत्त्वज्ञाने १९५२ साली ‘द लँग्वेज ऑफ मॉरल्स’ या ग्रंथात चांगले या अर्थाच्या शब्दांचे कार्य वर्णन करणे हे नसून पसंती देणे हे आहे, आणि पसंती देणे म्हणजे निवडीला दिशा देणे, असे प्रतिपादन केले. त्याच्या उपपत्तीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. पण हा एक मुद्दा येथे पुरेसा आहे. व्यापाऱ्याचा ‘चांगला’ निवडीला दिशा देतो. परीक्षकाचे ‘स्तुत्य’ कोणत्याच निवडीला दिशा देत नाही. ज्या पुस्तकाचा उपक्रम स्तुत्य ठरला ते कोणी विकत घेत नाही, अभ्यासक्रमात लावण्याचा आग्रह धरत नाही, परीक्षक स्वतः ते दुसऱ्यांदा उघडत नाही. पसंतीचे कार्य न करणारा पसंतीदर्शक शब्द अशी ही चमत्कारिक वस्तू आहे. विट्गेन्स्टाइनने १९३८ च्या केंब्रिजमधील व्याख्यानांत असे निरीक्षण नोंदवले होते की खऱ्याखुऱ्या सौंदर्यनिर्णयात ‘सुंदर’सारखी विशेषणे जवळजवळ येतच नाहीत, जाणता माणूस शिंप्याकडे गेला तर लांबी बरोबर आहे की आखूड एवढेच बोलतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’नंतर (१९७४) मराठी वाचकाला या विचारपद्धतीची ओळख नाही असे म्हणता येणार नाही. ओळख आहे. ती साक्रीपर्यंत नेण्याचे कष्ट कोणाला नको आहेत.

अलंकारशास्त्राने व्याजस्तुती नावाचा अलंकार सांगितला आहे. निंदेच्या मिषाने स्तुती आणि स्तुतीच्या मिषाने निंदा, असे त्याचे दोन्ही प्रकार मम्मटाने मान्य केले. ‘स्तुत्य’चा आजचा वापर या दुसऱ्या प्रकाराजवळ जातो, पण अलंकार होत नाही, कारण अलंकाराला कर्त्याचा हेतू लागतो. येथे निंदा करणाऱ्याला आपण निंदा करीत आहोत याचा पत्ताच नसतो. तो मनापासून खूष असतो.

या साऱ्याच्या मुळाशी अहिराणीच्या स्थानाविषयीचा एक टाळलेला प्रश्न आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठीला १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेला सातवा खंड मिळाला. खान्देशी मात्र १९०७ मधील नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींच्या शेजारी ठेवली गेली आणि तिचे गुजरातीशी असलेले साम्य अधोरेखित झाले. भारताची जनगणना आजही खान्देशी ही मराठीखाली न मोडता स्वतंत्र मोजते. २०११ मध्ये ती मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या अठरा लाखांहून अधिक होती. मराठी विद्यापीठीय परंपरा तिला मराठीची बोली म्हणते. या वादाचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंनी समीक्षकावर एकेक बंधन येते. अहिराणी मराठीची बोली असेल तर अहिराणी पुस्तक हे मराठी पुस्तक ठरते आणि मग ज्या निकषांनी पुण्यामुंबईच्या कादंबरीची साल काढली जाते त्याच निकषांनी ते वाचले पाहिजे. अहिराणी ही वेगळी भाषा असेल तर ती शिकली पाहिजे, तिच्यातून भाषांतरे केली पाहिजेत, आणि शिकेपर्यंत गप्प बसले पाहिजे. ‘स्तुत्य’ हा शब्द या दोन्ही बंधनांतून एकदम सुटका करतो. न वाचता बोलता येते, आणि बोलूनही काही म्हटलेले नसते.

न वाचण्याचा पुरावा हवा असेल तर बहिणाबाई चौधरींच्या कवितेविषयी जे वारंवार लिहिले जाते ते पाहावे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये आली, आचार्य अत्र्यांनी तिला प्रस्तावना दिली आणि बावनकशी सोन्याची उपमा वापरली. अत्र्यांची अतिशयोक्ती हा स्वतंत्र विषय होईल. मात्र सोने म्हणणे म्हणजे कस लावल्याचा दावा करणे होय. त्यात निदान जोखीम आहे, उद्या कोणी पितळ म्हणू शकतो. अत्र्यांनी उपक्रमाचे अभिनंदन केले नाही. त्यानंतरच्या कौतुककर्त्यांनी मात्र ही कविता अहिराणी असल्याचे ठोकून दिले आणि अजूनही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून संमेलनाच्या भाषणांपर्यंत ते ऐकू येते. असोदे हे जळगावजवळचे गाव. तेथील लेवा समाजाची बोली आणि धुळे-साक्री-बागलाणची अहिराणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहिराणीची ओळख म्हणजे ‘आहे’च्या जागी येणारा ‘शे’ आणि षष्ठीचा ‘ना-नी-नं’. बहिणाबाईंच्या कवितेचा व्याकरणिक कणा हा नव्हे. चार कविता नीट वाचल्या असत्या तर ही चूक झाली नसती. पण ज्याला गौरव करायचा आहे त्याला चार कविता वाचण्याची गरज का वाटावी? एका बाजूला साक्रीच्या अहिराणी लेखकाला बहिणाबाईंची परंपरा चिकटवली जाते, जी भाषेच्या दृष्टीने त्याची नव्हे. दुसऱ्या बाजूला बहिणाबाईंची बोली अहिराणीत बुडवली जाते. दोघांवरही प्रेमानेच अन्याय होतो. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्रीचे नाव मिळाले ते उचितच झाले. नामकरणाने वाचन घडत नाही एवढेच.

‘स्तुत्य’च्या बाजूने जे सांगितले जाते त्याचा विचार करणे आवश्यक आहे, कारण ते सगळेच पोकळ नाही. पहिला युक्तिवाद उत्तेजनाचा. केंद्रापासून दूर, साधनांवाचून, वाचकांवाचून लिहिणाऱ्याला आरंभी कठोर निकष लावले तर तो लिहिणेच सोडील. रोपाला आधी पाणी घालावे, छाटणी नंतर. रूपक चांगले आहे. पण ‘नंतर’ कधी येते? अहिराणीतील लेखन अनेक दशके छापले जात आहे, तिचे कोश झाले, लोकसाहित्याची संकलने झाली, भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात (२०१३) तिला स्थान मिळाले. तरी पाणी घालणे चालूच आहे. पाण्यानेही मुळे कुजतात, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. शिवाय ज्याला रोप म्हटले जाते ते स्वतःला रोप समजते की नाही, हे कोणी विचारलेले नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. प्रस्थापित मराठी समीक्षेचे निकष विशिष्ट वर्गाच्या आणि जातींच्या वाङ्मयावरून घडले आहेत. ते अहिराणी किंवा आदिवासी लेखनाला लावणे म्हणजे पुन्हा तीच सत्ता गाजवणे. म्हणून बाहेरच्या समीक्षकाने निर्णय न देता स्वागत करावे हेच न्याय्य. यातले पहिले विधान खरे आहे. त्यावरून निघालेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. निकष अपुरे असतील तर निकष बदलावे लागतात, आणि ते बदलण्यासाठी त्या लेखनाशी झोंबावे लागते. धुळ्याच्याच कॉ. शरद पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ लिहिले ते प्रस्थापित सौंदर्यशास्त्राकडून स्तुतिपत्र मिळवण्यासाठी नव्हे. त्याचा पायाच चुकीचा आहे असे म्हणण्यासाठी. त्यांचे प्रतिपादन सर्वांना पटले नाही. त्यावर भांडता येते हीच त्याची योग्यता आहे. निर्णय स्थगित करून स्वागत करणारा समीक्षक जुने निकष मोडत नाही. तो ते पुण्यामुंबईच्या पुस्तकांसाठी जपून ठेवतो आणि साक्रीसाठी दुसरा, हलका काटा वापरतो. दोन काटे ठेवणाऱ्या दुकानदाराला बाजारात काय म्हणतात ते सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि खान्देशाची परंपरा तरी स्तुत्यतेची कोठे होती? राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा धातुकोश प्रसिद्ध केला. त्या माणसाने समकालीनांपैकी कोणाला गोंजारले होते? मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा. नेमाडे यावल तालुक्यातील सांगवीचे. ‘टीकास्वयंवर’ या त्यांच्या ग्रंथाला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो काही सर्वांशी गोड बोलल्याबद्दल नव्हे. धुळ्यातून १९८५ पासून ‘कविता-रती’सारखे केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिक निघू लागले, तेही कविता हा जोखण्याचा विषय आहे या श्रद्धेनेच. निर्भीड मूल्यनिर्णय हा या प्रदेशाला बाहेरून आणून द्यावयाचा माल नाही.

दोष बाहेरच्या परीक्षकांचाच आहे असे मानले की लेखाला टाळ्या मिळतील. पण हे विशेषण मागणारे स्थानिकच असतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि परिचयपर लेख ही आता एकाच संचातील वस्तूंची नावे झाली आहेत. परखड लिहिणाऱ्याला पुढच्या संमेलनाचे निमंत्रण जात नाही. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या लेखनाला गुण चिकटवले. पदोन्नतीसाठी लेख हवा, लेखासाठी विषय हवा, आणि आपल्या तालुक्यातील बोलीचा कवी हा सर्वांत हाताशी असलेला विषय. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. २०१८ च्या मे महिन्यात तिच्यातून चार हजार तीनशेहून अधिक नियतकालिके काढून टाकावी लागली. मग ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. मान्यतेच्या याद्या येत-जात राहिल्या. त्या काळात जे लेख झाले त्यांचे शेवटचे वाक्य मात्र एकच राहिले. अमान्य ठरलेल्या नियतकालिकात स्तुत्य ठरलेले पुस्तक, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील एक स्वतंत्र विभाग होईल.

मराठीकडे स्तुतीसाठी दुसरा एक शब्द आहे आणि तो इंग्रजीच्या संगतीत बिघडलेला नाही. वाखाणणे. त्याचे मूळ संस्कृत ‘व्याख्यान’, प्राकृत ‘वक्खाण’. जुन्या मराठीत वाखाणणे म्हणजे अर्थ उलगडून सांगणे. त्यातूनच वानणे, नावाजणे हा अर्थ आला. म्हणजे भाषेच्या जाणिवेत व्याख्या आणि प्रशंसा एकाच क्रियेची दोन टोके होती. उलगडता उलगडता कौतुक वाटू लागले तर ते खरे, नाही वाटले तरी उलगडणे वाया गेले नाही. ‘वाखाणण्याजोगा’ हा शब्द आजही ‘स्तुत्य’पेक्षा अधिक तपशील मागतो: काय वाखाणण्याजोगे, हे लगेच विचारले जाते. कोणाचे अक्षर, कोणाची चिकाटी, कोणाची तान.

साक्रीच्या त्या अहिराणी कथासंग्रहाविषयी विचारण्यासारखे प्रश्न मग आपोआप सुचू लागतात. देवनागरीत अहिराणी लिहिताना लेखकाने लेखनाचे कोणते नियम धरले आणि ते शेवटपर्यंत पाळले का? ‘लोकस्ना’सारख्या रूपांतील जोडाक्षराने निवेदनाची लय कोठे घट्ट होते, कोठे अडखळते? सरकारी अधिकारी कथेत आला की भाषा प्रमाण मराठी होते, ते पात्राच्या तोंडापुरते की निवेदकही दबून जातो? पाड्यावरचा भिल्ल मजूर या अहिराणी कथेत बोलतो तेव्हा त्याला स्वतःची बोली मिळते, की अहिराणी लेखक त्याच्याशी तसाच वागतो जसा पुण्याचा लेखक अहिराणीशी वागला? हा शेवटचा प्रश्न विचारला तर लेखक दुखावेल हे नक्की. कदाचित तो उत्तरादाखल लेख लिहील, त्या लेखात समीक्षकाला अहिराणी येत नसल्याचे सोदाहरण दाखवील, आणि समीक्षकाला पुढच्या अंकात त्याला उत्तर द्यावे लागेल.